राहुड घाटातला टेम्पो

सकाळी अकरा वाजेपर्यंत गोरक्ष शिरसाठनं पाच माणसं परत पाठवली होती. सर्व्हर डाऊन. हे दोन शब्द दिवसातून त्याच्या तोंडून इतक्या वेळा निघायचे की तो झोपेतही तेच बडबडतो, अशी त्याच्या बायकोची, उज्वलाची, तक्रार होती. सातपूर कॉलनीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात बसून तो लोकांचे सातबारे काढायचा, भरतीचे फॉर्म भरायचा, पॅनकार्डाचे अर्ज टाकायचा, आणि सरकारची वेबसाइट बसली की सरकारच्या वाट्याच्या शिव्या स्वतः खायचा. साठी ओलांडली होती. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, आणि समोरचा माणूस 'जरा पुन्हा बघा ना' म्हणाला की उठून कुठंतरी निघून जावंसं वाटायचं. जायचं कुठं, हे मात्र सुचायचं नाही.

आज त्यानं अकरालाच शटर अर्धं ओढून घेतलं. राजूची पोरगी, पूजा, येणार होती.

राजू आहिरे म्हणजे त्याचा भागीदार. दोघं इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा शिफ्ट सुटल्यावर अख्खं खातं काचेबाहेर उभं राहून तो बघत होतं. बाकीचे बघून घरी गेले, हे दोघं तिथंच चिकटले. पुढं दीड-दोन वर्षांत नोकरी सोडून त्यांनी याच गाळ्यात 'प्रारंभ कॉम्प्युटर क्लास' काढला, तोही एका जुन्या, कुणीतरी वापरून टाकलेल्या मशिनवर. त्याला हार्ड डिस्क नव्हती. दोन फ्लॉपी ड्राइव्ह, काळा पडदा, हिरवी अक्षरं. एका फ्लॉपीनं मशिन चालू व्हायचं, दुसरीवर काम. थाट मात्र असा, की जणू आत ऑपरेशन चाललंय. चपला बाहेर. हात धुऊन आत. फ्लॉपीच्या मधल्या उघड्या खाचेला कुणी बोट लावलं, की गोरक्ष त्या पोराला दिवसभर मशिनजवळ फिरकू द्यायचा नाही.

शनिवारी पोरांना अर्धा तास खेळायला मिळायचं. त्याच सुमारास जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली होती आणि क्लासची निम्मी पोरं तिकडं नाणी टाकत उभी असायची. राजू त्यांना हाताला धरून परत आणायचा नाही, तोही त्यांच्याबरोबर खेळत बसायचा. मग एके दिवशी म्हणाला, "गोरख, लोकांचे खेळ काय खेळायचे? आपण आपला करू." आणि त्यानं खरंच केला. बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत, एकट्यानं, चार महिने खपून. खेळाचं नाव ठेवलं 'घाट'.

त्याच वर्षी पावसाळ्यात राजूला कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध घेत बसला आणि तीन आठवड्यांत आटोपलं. पूजा तेव्हा दीड वर्षाची होती. तिची आई तिला घेऊन माहेरी विंचूरला गेली ती गेलीच.

गोरक्ष एकटा उरला आणि त्याच्यासमोरून सगळं गेलं. हिरव्या पडद्याचे रंगीत झाले. ते मशिन भंगारात गेलं. टीव्हीला जोडायच्या खेळांची लाट आली आणि ओसरली. क्लासचा सायबर कॅफे झाला, तिथं पोरं आरडाओरडा करत एकमेकांना गोळ्या घालायची. कॅफेचं झेरॉक्सचं दुकान झालं, झेरॉक्सचं हे ऑनलाइन फॉर्मचं. आता त्याच पोरांची पोरं पायरीवर बसून मोबाइलवर एकमेकांना गोळ्या घालतात आणि आत बाप सर्व्हर चालू व्हायची वाट बघतो. गोरक्षला या सगळ्याचं आता कौतुकही वाटत नव्हतं आणि रागही येत नव्हता. शीण मात्र आला होता.

पंधरा दिवसांपूर्वी पूजाचा फोन आला होता. ती पुण्यात एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवते, हे त्याला उडत उडत ठाऊक होतं.

"काका, बाबांनी केलेला गेम... ती फ्लॉपी आहे का हो अजून तुमच्याकडे?"

"आहे म्हणजे? देवासारखी जपलीय."

मग ती म्हणाली, "आमच्या इथं जुन्या कॉम्प्युटरांचं आणि गेमचं प्रदर्शन आहे, त्यात ठेवू असं मी ऑफिसात सांगितलंय. पण खरं सांगू का, मला तो माझ्यासाठी हवाय. आई सांगते, गेम शेवटपर्यंत खेळला की बाबांनी माझ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं होतं. आईनं काही ते पाहिलं नाही. तिला कॉम्प्युटरची भीती वाटायची. माझ्याकडे त्यांचे लग्नातले चार फोटो आहेत, बस."

"ये तू," गोरक्ष म्हणाला होता. "माझ्याकडं सुखरूप हाय."

ती आली. उंच, सडपातळ, पाठीला मोठी सॅक. शटरखालून वाकून आत यायच्या आधी तिनं बाहेरच बूट काढले.

"अगं, राहू दे की. आता कोण काढतंय?"

"आई म्हणाली, तिथं चपला बाहेर काढतात." ती हसली, आणि हसताना तिचा डावा गाल राजूसारखा वर गेला.

तिनं सॅकमधून एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह काढला. पुण्यातल्या कुणा हौशी माणसाकडून मागून आणला होता. तो एका छोट्या सर्किटला जोडला, सर्किट लॅपटॉपला. गोरक्षनं गोदरेजच्या कपाटातून स्टीलचा डबा काढला, डब्यातून लाल खण, खणातून कागदी पाकीट, आणि पाकिटातून ती काळी, चौकोनी, लवलवणारी फ्लॉपी. वरच्या लेबलवर राजूच्या अक्षरात 'घाट' लिहिलं होतं, पण कुंकवाच्या थरांखाली ते आता नीट वाचता येत नव्हतं.

पूजानं ती दोन्ही हातांनी घेतली, ड्राइव्हमध्ये सरकवली आणि खटका खाली केला. ड्राइव्ह घरघरला. लॅपटॉपच्या पडद्यावर एक नाव आलं. GHAT. शेजारी तारीख, मार्च पंच्याण्णवची.

"काका," तिनं तोंडावर हात ठेवला. "आहे! आतमध्ये आहे ते!"

गोरक्षला वाटलं, झालं. तीस वर्षांत एक काम तरी आपण धड केलं. तेवढ्यात ड्राइव्हमधून खर्र असा आवाज यायला लागला, वाळूवर पत्रा ओढल्यासारखा. पडद्यावर लाल ओळी पडत गेल्या. पूजानं झटकन खटका वर केला आणि फ्लॉपी बाहेर काढली. सॅकमधून कापूस आणि स्पिरिट काढून तिनं ड्राइव्हचं आतलं टोक पुसलं. कापूस लाल झाला.

"हे काय आहे?" ती स्वतःशीच म्हणाली. "फंगस असेल. जुन्या फ्लॉप्यांना लागते. पण अशी लाल नाही पाहिली मी कधी."

"असेल," गोरक्ष म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला, की त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

तिनं पुन्हा लावली. पुन्हा खर्र, पुन्हा लाल कापूस. तिसऱ्यांदा लावली तेव्हा नावही आलं नाही. मग तिनं फ्लॉपी खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि मधली चकती बोटानं हळूहळू फिरवत बघत राहिली. खाचेतून दिसणाऱ्या तपकिरी चकतीवर गोल गोल चरे पडले होते, आणि काही चऱ्यांमधून उजेड आरपार येत होता.

"इथं काहीच उरलेलं नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, डॉक्टर सांगतात तसा. "वरचा थरच खरवडून गेलाय. घासून घासून. इतकी वर्षं आत काहीतरी बारीक, खरखरीत राहिलं असणार. असो. फंगसला कोण काय करणार."

ती वायरी गुंडाळायला लागली. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. कुणाचं काही गेलं नसतं. गोरक्षनं एक शब्दही बोलायची गरज नव्हती, आणि न बोलण्याइतकं सोपं त्याला त्या घडीला दुसरं काहीच नव्हतं. तो थकला होता. पण ती पोर अनवाणी उभी होती आणि वायर गुंडाळताना पुन्हा पुन्हा त्या फ्लॉपीकडं बघत होती.

"पूजा," तो म्हणाला. "ती फंगस नाय."

तिनं वर पाहिलं.

"कुंकू हाय ते. हळद-कुंकू. खंडेनवमीचं."

सातपूरमध्ये खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते हे सांगायला नको. कारखाने बंद, लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची माळ, पेढे. फिटर म्हणून दोघं करायचे तशीच गोरक्षनं क्लासमध्येही चालू ठेवली. राजू गेल्यावर पहिल्या खंडेनवमीला त्यानं कॉम्प्युटरशेजारी पाटावर ती फ्लॉपीही मांडली. पाकिटातून काढून. पूजा काय पाकिटाची करायची? ओल्या बोटानं लेबलवर हळद-कुंकू लावलं, वरून अक्षता टाकल्या, फूल वाहिलं, हात जोडले. संध्याकाळी उचलून तशीच पाकिटात घातली, खणात गुंडाळली, डब्यात ठेवली. पुढल्या वर्षी तेच. त्याच्या पुढल्या वर्षी तेच. परवाच्या खंडेनवमीलाही.

"तुम्ही पोरांना त्या खाचेला बोट लावू द्यायचा नाहीत," पूजा म्हणाली. "आई सांगायची."

"नाय लावू द्यायचो."

"मग?"

"मी कुठं खाचेला लावलं? लेबलला लावलं. आत सांडलं आसंल."

"आणि मग पुसलं नाहीत?"

"पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, बाळा."

हे बोलल्यावर गोरक्षला स्वतःचीच कीव आली. पोरांना 'धूळ म्हणजे फ्लॉपीचा काळ' असं फळ्यावर लिहून देणारा माणूस तो. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस त्याला सगळं कळत होतं. एका दिवशी मात्र तो मास्तर नसायचा, राजूचा दोस्त असायचा, आणि त्या दिवशी हातात दुसरं काही करण्यासारखं नसायचं म्हणून तो कुंकू लावायचा.

"तीस वर्षांत एकदासुद्धा चालवून बघितली नाहीत? मशिन होतं ना तुमच्याकडे?"

"होतं की. नऊ वर्षं होतं. पण लावली तर झिजंल, असं वाटायचं. आन् खरं सांगू? राजू नसताना ती अक्षरं पडद्यावर आली असती, तर मला झेपलं नसतं."

पूजानं वायर टेबलावर टाकली. "काका, मला राग येतोय. तुमच्यावर नाही म्हणायला पाहिजे, पण तुमच्यावरच येतोय. एकदा लावली असतीत तर कॉपी झाली असती. एक कॉपी! मला ती चालायला हवी होती हो. कुणी पूजायला नको होती."

गोरक्षनं मान हलवली. तिचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं.

उज्वला मागच्या दारानं चहा घेऊन आली. दोघांच्या तोंडाकडं पाहून तिनं 'झाला का चालू?' हा प्रश्न अर्ध्यातच गिळला आणि कप ठेवून परत गेली. पूजा स्टुलावर बसली. चहा तिनं बराच वेळ नुसता धरून ठेवला, मग एका दमात पिऊन टाकला. राजूही असाच प्यायचा, गार झाल्यावर, पाण्यासारखा.

"कसा होता?" तिनं विचारलं.

"काय?"

"गेम. तुम्ही तर खेळला असाल ना, बाबा असताना?"

"शेकडो वेळा."

"चित्रं होती?"

"चित्रं कुठली? नुसती अक्षरं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. कॉम्प्युटर सांगणार, आपण काय करायचं ते एक-दोन शब्दांत टाकायचं, मग तो पुढचं सांगणार."

पूजा ताठ बसली. "मग तुम्ही कॉम्प्युटर व्हा."

"आँ?"

"तुम्हाला पाठ असेल ना? तुम्ही सांगा, मी टाकते."

गोरक्षला हसू आलं, पण ती हसत नव्हती. त्यानं डोळे मिटले. आधी काहीच दिसेना. मग काळा पडदा दिसला आणि त्यावर एकेक हिरवी ओळ.

"तुम्ही मालेगावात आहात," तो हळूच म्हणाला. "टेम्पोत कापडाच्या बारा गाठी आहेत. नाशिकला जायचं आहे. काय करू?"

"निघ."

"किल्ली कुठं आहे, शहाणे?"

"असं लिहिलं होतं?" पूजा खुदकन हसली. "किल्ली घे. निघ."

"निघालो. सौंदाणं गेलं. उमराणं आलं. चहा घेणार?"

"नको. उशीर होईल."

"ड्रायव्हरला झोप आली. टेम्पो बाभळीत. पहिल्यापासून सुरू करा."

"चहासाठी?" ती आता मोकळी हसत होती. "बाबांनी हे लिहिलं होतं?"

"तुझा बाप चहाशिवाय कुठं हालायचा? शिवी टाकली तर 'तोंड सांभाळा, गाडीत लक्ष्मी आहे' असं यायचं. पोरं मुद्दाम टाकायची."

तिनं पुन्हा सुरू केलं. किल्ली घेतली, उमराण्याला चहा घेतला, रस्त्यात आडव्या आलेल्या मेंढरांना हॉर्न न देता थांबली. गोरक्षचा आवाज मोकळा होत गेला. ओळींमागून ओळी येत होत्या, कुठं दडून बसल्या होत्या देव जाणे. बाहेर कुणीतरी शटर वाजवलं, 'सर्व्हर आला का' विचारलं, आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं नाही.

"राहुड घाट लागला," तो म्हणाला. "चढ आहे. गाडी तापली. धूर येतो आहे. काय करू?"

"पाणी घाल."

"पाणी घातलं. शंभर फूट गेलो. पुन्हा तापली. काय करू?"

"थांब."

"थांबलो. टेम्पो मागं सरकतो आहे. काय करू?"

"चाकाला दगड लाव."

"दगड लावला. उभे आहोत. असं किती दिवस उभं राहणार? काय करू?"

हे म्हणून गोरक्ष अडला. इथंच. दर वेळी इथंच त्याचा खेळ अडायचा. पाणी, दगड, ढकल, गिअर, दोरी, मदत, सगळं टाकून झालं होतं. त्याच्यापुढं घाट कधीच सरला नव्हता, आणि हे आता पोरीला सांगावं लागणार होतं. तो शब्द जुळवत होता, तेवढ्यात पूजा बोललीच. फार विचारही केला नाही तिनं.

"माल उतरव."

गोरक्षनं डोळे उघडले.

"बारा गाठी आहेत ना? जड झालीय गाडी. माल उतरवते. टेम्पो तर वर जाईल."

तो तिच्याकडं बघत राहिला.

"काका? काय म्हणतो कॉम्प्युटर?"

काहीही सांगता आलं असतं. घाट चढला, चांदवड आलं, पुढं पिंपळगाव, ओझर, नाशिक, आणि शेवटी एका बापाला सुचतील अशा दोन ओळी. तिला कळलंही नसतं, आणि कळलं असतं तरी तिनं ते घेतलं असतं. पण मघाशीच तो एकदा 'असेल' म्हणून बसला होता.

"मला ठाऊक नाय, पूजा," तो म्हणाला. "हा शब्द मी कधी टाकलाच नाय. राजू म्हणायचा, 'एकच शब्द हाय, गोरख, आन् तुला तो जन्मात सुचायचा नाय.' मला खरंच नाय सुचला."

पूजाचा चेहरा एकदम उजळला आणि उजळता उजळताच विस्कटला.

"म्हणजे मी घाट चढले," ती म्हणाली. मग अगदी हळू, "पुढे काय लिहिलं असेल हो त्यांनी?"

फ्लॉपी दोघांच्या मधे टेबलावर पडली होती. गोरक्षनं तिच्यावरचं कुंकू बोटानं पुसायला सुरुवात केली. ते लेबलवरून निघत नव्हतं. तो पुसत राहिला.